ती टेबलं मग कुणी उचलली

टेबल सुताराच्या कारखान्याच्या दारात अडकलं. पाळकबाई बाहेरून ढकलत होत्या, हातगाडीवाला कधीच सटकला होता, आणि सुतार आतल्या बाजूला रंध्यावर हात टेकवून नुसता बघत होता. दार त्यानंच केलेलं, टेबलही त्यानंच केलेलं. दोघांची मापं त्याला तोंडपाठ. जुन्या पडद्यात गुंडाळून, सुतळीनं करकचून बांधून आणलं होतं, तरी आकारावरून त्यानं ते तेव्हाच ओळखलं होतं. एका कुशीवर कलतं केलं की हे टेबल या दारातून सहज जातं, हेही त्याला ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ते इथूनच बाहेर गेलं होतं. पण हे त्यानं बाईंना सांगितलं नाही.

"काका, जरा हात लावता?"

"कशाला? छान चाललंय की तुमचं."

पाळकबाईंना या चर्चमध्ये येऊन आठच महिने झाले होते. बुटक्या, मनगटानं जाड, आणि हसू आलं तर ते गालातच ठेवून देणाऱ्या. त्यांनी कपाळ पुसलं, पडद्यावरूनच टेबलाच्या कडेवर बैठक मारली आणि म्हणाल्या, "बरं, मग राहू दे इथंच. तुम्हाला जायला-यायला खिडकी आहे."

खिडकी होती, पण तिच्यातून मांजरसुद्धा पोट आत ओढून जायचं. सुतारानं एक निःश्वास टाकला, पुढं झाला, दोन बोटांनी टेबल कुशीवर वळवलं, आणि ते शहाण्या गायीसारखं मुकाट आत आलं.

"ही दुरुस्ती माझ्या हातून व्हायची नाही," तो म्हणाला.

"का? हात दुखतो?"

"हात नाही दुखत."

पाळकबाईंनी भिंतीलगतचं एक खोकं ओढून घेतलं. आपण या टेबलाची गोष्ट पाच जणांकडून ऐकली आहे आणि ती पाच प्रकारची आहे, असं त्यांनी सांगितलं. एकीत तर काकांनी टेबल खिडकीतून बाहेर फेकलं होतं.

"खिडकी बंद होती," सुतार म्हणाला.

मग त्यानं सहावी सांगितली. ती सगळ्यांत लहान होती. अकरा वर्षांपूर्वी चर्चचा वर्धापनदिन जवळ आला होता. गाणारी मंडळी उभी राहायची त्या माडीचा कठडा त्यानं ठोकून पाहिला, तर आतून भुसा गळाला. लाकडाला भुंगा लागला होता. त्यानं कमिटीच्या चिटणिसाला तोंडावर सांगितलं, की नवा कठडा होईस्तोवर वर कुणालाही चढवू नका. चिटणीस म्हणजे कुणी परका नव्हे, त्याच्या बायकोचा पाठचा भाऊ. मोत्यासारखं अक्षर, पण पेन्सिलीला टोक काढायचं तर दुसऱ्याला हाक मारणारा. त्या मोत्यासारख्या अक्षरात त्यानं वहीत लिहिलं, 'सुतारांनी कठडा पाहिला, हरकत नाही.' रविवारी कठडा गेला, आणि त्याच्याबरोबर गायकांतला सगळ्यांत जाडा माणूस, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, तो खाली आला. पडता पडताही त्यानं सूर सोडला नाही म्हणतात. गाणं जमिनीवर आल्यावरच संपलं. जीव वाचला, पण कंबर मोडली ती मोडलीच. चौकशीची सभा भरली तेव्हा चिटणिसानं वही उघडून ते वाक्य वाचून दाखवलं, वही मिटली आणि मूग गिळून बसला. तेव्हा सुतारानं सभेपुढचं टेबल उलथवलं. चौथा पाय मोडला. स्वतःच्या हातानं केलेलं सगळ्यांत देखणं टेबल त्यानं स्वतःच्याच हातानं मोडलं, आणि त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही.

"आणि चुकलो असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "तुमच्या शास्त्रात आधार आहे."

"टेबलं उलथवल्याचा?"

"त्याच्या आधीचा. सगळे म्हणतात, प्रभूला मंदिरातला बाजार बघून एकदम राग आला. एकदम कसा? चाबूक कुठून आला? एका ठिकाणी स्पष्ट लिहिलंय, त्यानं दोऱ्यांचा चाबूक केला. म्हणजे दोऱ्या गोळा केल्या, बसला, वळल्या. दोऱ्या वळायला वेळ लागतो, बाई. मी वळल्यात. अर्धा राग तर वळता वळताच उतरतो. तरीही जो उरला तो घेऊन तो उठला. म्हणजे तो राग खराच होता. माझाही तसलाच आहे."

हा मुद्दा पाळकबाईंनी आजवर कुठल्याही उपदेशात ऐकला नव्हता, आणि तो मनात कुठंतरी नीट ठेवून द्यावा तशा त्या थोडा वेळ बसून राहिल्या. सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा, हे त्यांच्या ओठांवर आलं असणार. सुतार त्याच्या उत्तराच्या तयारीनं मान वाकडी करून थांबलाही होता. पण त्यांनी ते काढलंच नाही.

"मला एकच कळत नाही," उठता उठता त्या म्हणाल्या. "ती टेबलं मग कुणी उचलली?"

"कुठली?"

"मंदिरातली. उलथवलेली. तो तर सुताराच्या घरात वाढलेला माणूस. पाय मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला असेल ना?"

"ते लिहिलेलं नाही," सुतार म्हणाला.

"नाही ना लिहिलेलं," पाळकबाई म्हणाल्या, आणि येत्या रविवारी टेबल लागेल, हे वाऱ्यावर सोडून देऊन निघून गेल्या.

संध्याकाळ झाली. उन्हाची तिरीप लाकडांच्या राशीवरून वर सरकत दाराच्या चौकटीला लागली, तसा सुतारानं अंगातला कामाचा एप्रन सोडला आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगला. हे टांगणं साधं नव्हतं. रागावर सूर्य मावळू देऊ नका, असं शास्त्रात आहे, आणि सुतार शास्त्र पाळणारा माणूस होता. म्हणून अकरा वर्षं तो रोज सूर्य बुडायच्या आत एप्रन काढायचा, आणि त्याच्याबरोबर रागही खिळ्याला टांगून घरात जायचा. घर म्हणजे कारखान्याच्या मागचीच दोन खोल्यांची जागा. तिथं तो हसायचा, बायकोला जुन्या गमती सांगायचा, अंथरुणाला पाठ लागताच घोरायचा. सकाळी सूर्य उगवला की येऊन एप्रन अंगात चढवायचा, की राग जसाच्या तसा, बंदांसकट. सकाळी उचलू नका असं कुठं लिहिलंय, असं तो म्हणे. गल्लीतले लोक तर शपथेवर सांगत, की वाऱ्याची झुळूक नसतानाही तो एप्रन रात्रभर हलतो.

एरवी तो मजेदार माणूस होता. आपल्या रंध्यातून निघणारा कीस इतका पातळ असतो की त्याच्याआडून शास्त्र वाचता येतं, असं तो सांगायचा, आणि गिऱ्हाईक हसलं की खरंच एक कीस पुस्तकावर धरून दाखवायचा. त्याच्या कारखान्यातले उंदीरही असेच नावाजलेले. दर वर्षी, वर्धापनदिनाच्या आधीच्या आठवड्यात, सरसाच्या डब्यातला सरस बोटभर खाली जायचा. बाकी वर्षभर उंदीर त्याला तोंड लावत नसत. सापळा लावला तर आमिष तसंच राहायचं. 'माझे उंदीर दिनदर्शिका बघून जेवतात,' असं त्यानं साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं.

हसण्यावारी न जाणारी गोष्ट एकच होती. ढोल्या रोज सकाळी आणि दुपारी कारखान्यावरून जायचा. आधी काठीचा आवाज यायचा, मग तो स्वतः, मग पुन्हा नुसता आवाज. तो एके काळचा जिवलग मित्र, आणि वहीतलं ते वाक्य त्यानं खरं मानलेलं. याच खोक्यावर बसून तो खालच्या सुरात गायचा आणि लाकडं घुमायची. अकरा वर्षांत त्या काठीनं दारापाशी चाल कमी केली नव्हती. ढोल्या शिव्या देत नसे, बोटही दाखवत नसे. तो फक्त समोर बघत जायचा. काठी दूर गेली की सुतार रंधा पुन्हा चालवायला घ्यायचा, आणि तेव्हाचा कीस काही पातळ निघत नसे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, काठी येऊन गेल्यावर त्यानं सुतळी कापली.

पडदा खाली पडला, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, हे आपलं टेबलच नव्हे. चौथा पाय होता. पण तो असा बाहेर फाकला होता, की उठून चालायला लागेल. काल दारात जे अडकलं ते हेच. कुणीतरी तो बसवला होता. सुतारानं चष्मा लावला, वाकला, आणि तरी नीट दिसेना. पालथं करून बघायला हवं होतं; पण हे टेबल आयुष्यात पुन्हा उलथवणार नाही, अशी त्यानं मनाशी गाठ बांधली होती. म्हणून तो जमिनीवर उताणा झोपला आणि भुशातून सरकत सरकत टेबलाखाली गेला. बाहेर राहिली ती दोन पावलं.

खाली जे होतं ते बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खिळे. मोठे खिळे, बारीक खिळे, चपलेचे खिळे, तसबिरीचे खिळे. काही सरळ, बरेच वाकलेले, काही अर्ध्यात वाकवून हातोडीनं झोपवलेले. ज्या खाचेत पायाचं टोक घट्ट बसवून, वरून लाकडी खुंटी ठोकून, एकही खिळा न वापरता त्यानं हे टेबल उभं केलं होतं, त्या खाचेची चाळण झाली होती. वर सरसाचे थर. जुना काळपट, त्यावर तपकिरी, त्यावर मधाच्या रंगाचा. फट बुजवायला घड्या घातलेले कागद कोंबले होते. त्यानं नखानं एक ओढून काढला. वर्धापनदिनाची कार्यक्रमपत्रिका, दहा वर्षांपूर्वीची. दुसरा काढला, त्याच्या पुढच्या वर्षीची. तिसरा, चौथा. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं मोजावीत तसं त्याला वर्षामागून वर्ष दिसायला लागलं. आणि हातोडी चुकल्याचे घाव, जे पायाभोवती गोवराच्या पुरळासारखे उठले होते, ते सगळे उलट्या बाजूनं पडले होते. डावखुऱ्या हाताचे.

त्याच्या ओळखीत डावखुरा माणूस एकच होता.

मागच्या दारातून चपला वाजल्या. बायको आली होती. ती पावलांपाशी थांबली.

"माझ्या सरसाला उंदीर लागत नव्हते," सुतार टेबलाखालून म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.

"तू देत होतीस."

"वाटीत काढून द्यायचे. ब्रश तो घरून आणायचा."

"दहा वर्षं?"

"अहो, आधी बाहेर या. असं पायांशी काय बोलायचं?"

तो बाहेर आला नाही. मग तीच खाली बसली, गुडघे धरून, खोक्याला पाठ लावून, आणि जे सांगायचं ते तिनं पावलांनाच सांगितलं. सभेनंतर टेबल माडीच्या जिन्याखाली टाकून दिलं होतं. पुढच्या वर्षी वर्धापनदिनाची तयारी करताना तिच्या भावाला ते दिसलं. त्याच्या मनानं घेतलं, की हे सरळ उभं राहिलं की आपल्याला भावोजींसमोर जायला तोंड होईल. म्हणून दर वर्षी तो तो आठवडा आला की दुपारचा एकटा जाऊन ठोकत बसायचा. टेबल उभं राहायचं. दोन दिवस, चार दिवस. मग पाय निसटायचा.

"निसटणारच," सुतार म्हणाला. "खिळ्यांनी ठोकलाय."

"त्याला काय कळतं त्यातलं?"

"मग विचारायचं एखाद्या सुताराला."

"विचारणार कुणाला? त्याच्या ओळखीचा सुतार एकच आहे."

टेबलाखालून एक वाकलेला खिळा भुशात येऊन पडला.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही सरसाचा डबाही उलथवला असता."

"मला टेबल नको होतं," तो हळू म्हणाला. "चार शब्द हवे होते. 'भावोजी नको म्हणाले होते.' बोटांवर मोज. वहीतही नको, नुसते तोंडानं, त्याच लोकांसमोर."

"चारच अवघड असतात," बायको म्हणाली. "चाळीस असते तर कधीच बोलला असता. भाषणाची सवय आहे त्याला."

टेबलाखालून एक आवाज आला. तो हसला की खोकला, ते तिला कळलं नाही. मग सुतार सरकत बाहेर आला. केसांत, मिशीत, कानांत भुसा. त्यानं पटाशी, करवत, पकड, ठोकायची लाकडी मोगरी आणि सरसाचा डबा पिशवीत भरला, एप्रनचे बंद घट्ट केले आणि हातगाडी मागवायला सांगितली.

"भांडायला निघालात?" तिनं विचारलं.

"माझ्या लाकडात चपलेचे खिळे मारलेत त्यानं," सुतार म्हणाला. "भांडू नको तर काय करू?"

रस्त्यानं त्याची वरात बघायला लोक दारात आले. सुतार, एप्रन, आणि गाडीवर तेच टेबल, पाय बाहेर काढून चाललेलं. आता कुणाकडे उलथवायला निघाला, असं एकानं विचारलं, आणि दुसऱ्यानं आपल्या दुकानातल्या काचेच्या बरण्या आत नेल्या.

मेहुणा तळमजल्यावर एकटा राहायचा. बाहेरच्या खोलीत भिंतीएवढी कपाटं, कपाटांत फितीनं बांधलेले कागद, फितींवर त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. घरातही तो गळ्यापर्यंत बटण लावून असे. त्यानं दार उघडलं, आधी माणूस पाहिला, मग टेबल, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग त्या कागदांसारखा झाला.

"भावोजी," तो म्हणाला. मग मागं सरत, "इथं नको. आत काचेचं सामान आहे."

"पांघरायची चादर असेल ना एखादी? जमिनीवर अंथर."

चादर अंथरली. टेबल आत आलं. या दारातून ते कसं न्यायचं, हे सुतारानं उंबऱ्यापाशी उभ्याउभ्या जोखलं होतं. मग तो टेबलाच्या एका टोकाला गेला.

"ते टोक धर. पालथं करायचंय."

मेहुण्यानं हात पुढं केले नाहीत. "पुन्हा?"

"दुरुस्त करायचं तर आधी पालथं करावंच लागतं," सुतार म्हणाला, आणि हे बोलताना तो मध्येच किंचित थांबला, जणू ते वाक्य कुणी दुसऱ्यानंच त्याच्या तोंडात ठेवलं होतं. "उभं ठेवून ठोकत बसलास. म्हणून इतकी वर्षं गेली. धर."

दोघांनी उचललं. दोघंही म्हातारे, एकाची पाठ भरलेली, एकाचे हात कागदाशिवाय काही न उचललेले. टेबल कलंडलं, हवेत क्षणभर थांबलं, आणि चादरीवर असं आलं की आवाजच झाला नाही. सुतार त्या न झालेल्या आवाजाकडे कान लावून उभा राहिला.

मग त्यानं मेहुण्याच्या डाव्या हातात पकड दिली. खिळे ज्यानं मारले त्यानंच काढायचे. मेहुणा गुडघ्यांवर बसला. पहिला खिळा निघायला इतका वेळ लागला, की सुताराची एक डुलकी झाली असती.

"हा कधीचा?"

"तिसऱ्या वर्षीचा," मेहुणा म्हणाला. "तेव्हा ढोल्याचं दुसरं ऑपरेशन झालं."

"आणि हा? हा चपलेचा?"

"त्या वर्षी ताई आजारी होती. तिला बघायला आलो होतो. तुम्ही घरात होतात, म्हणून गल्लीच्या तोंडावरूनच परतलो. चर्चमध्ये येऊन बसलो. खिळे आणले नव्हते. चपलेचाच उपसला."

सुतारानं तो खिळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि बाकीच्यांत न टाकता एप्रनच्या खिशात टाकला.

खिळे निघाले. त्यानं खाच साफ केली, फाटलेलं लाकूड कापून काढलं, जुन्या पायाच्या टोकाला नवा तुकडा जोडून तो पटाशीनं तासत आणला. तासताना तो शिकवल्यासारखं बोलत होता. लाकडाला खिळा म्हणजे बळजबरी; खाच नीट असेल तर लाकूड लाकडाला आपणहून धरतं; आणि खाच नीट व्हायची तर आतली सगळी घाण आधी बाहेर यावी लागते, वरून सरस ओतून काही होत नाही. मेहुणा ऐकत होता. त्याचे दोन्ही हात पायाभोवती होते.

"सरळ धर."

"भावोजी, मी त्या दिवशी ते लिहिलं, कारण माडी सजवून झाली होती," मेहुणा पायाशी बोलला. "पाहुणे बोलावले होते. आणि मला वाटलं, तुमचं नेहमीचंच. तुम्हाला प्रत्येक लाकडात भुंगा दिसतो."

मोगरी वर होती ती वरच राहिली.

"आणि सभेत?"

"सभेत घाबरलो." तो थांबला. "नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. मग इतके उद्या झाले, की ते सांगायची लाज आणखी वेगळी."

"हे मला काय सांगतोस? मी होतो तिथं. मला माहीत आहे."

"मग कुणाला?"

सुतारानं मोगरीचा एक ठोका दिला, मग दुसरा. पायाचं टोक खाचेत उतरलं, आणि लाकूड लाकडाला भिडल्याचा तो बंद, भरीव आवाज झाला. आयुष्यभर ऐकूनही तो ऐकला की त्याला अजून बरं वाटे.

"माझ्यानं उभंच राहवत नाही हल्ली, लोकांसमोर," मेहुणा म्हणाला. "पाय लटपटतात."

"म्हणून तर हे चाललंय," सुतार म्हणाला. "हात ठेवायला काहीतरी हवं की नको?"

सरसाचा वास खोलीभर झाला होता. सरस वाळेपर्यंत पाय आवळून ठेवायला हवा होता, आणि शिकंजा पिशवीत नव्हता. सुतारानं इकडं तिकडं पाहिलं. कपाटांतल्या फिती नाजूक, सुतळी कारखान्यात. मग त्यानं अंगातला एप्रन सोडला, गुंडाळून त्याचा दोर केला, पायाला आणि चौकटीला वेढा दिला आणि बंद पीळ घालून बांधले.

"रविवारपर्यंत याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "खिळा दिसला घरात, तर बघ."

बाहेर आला तेव्हा सूर्य बुडाला होता. ते त्याच्या लक्षात घराशी आल्यावर आलं.

शनिवारी सकाळी कारखान्यात शिरताना त्याचा हात सवयीनं खिळ्याकडे गेला आणि रिकामाच परत आला. तो तसाच काही वेळ खिळ्याकडे बघत राहिला. चौकट तेवढ्या जागी गुळगुळीत झाली होती, घासून घासून.

"आणून देऊ का?" बायकोनं मागून विचारलं.

"नको. सरस वाळायचाय."

"राग गेला म्हणायचा?"

"सरस वाळायचाय म्हटलं ना," तो म्हणाला, आणि सदऱ्यावरच कामाला लागला. बाहेरून काठी आली आणि गेली.

रविवारी तो चर्चला गेला आणि सगळ्यांत शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसला. म्हणजे काही झालं तर निघता यावं. बायको नेहमीच्या जागी न जाता त्याच्या शेजारी बसली. टेबल समोर उभं होतं. लांबून बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसतं. सुताराला मात्र चौथ्या पायावरचा नवा तुकडा दिसत होता, जरा फिकट, काही वर्षांनी रंगाला येईल असा. पुढच्या बाकावर ढोल्याची रुंद पाठ, आणि शेजारी उभी टेकवलेली काठी.

शास्त्रपाठ झाला. कुठला झाला, ते सुताराला नंतर सांगता आलं नसतं. पाळकबाईंनी गाण्याचा आकडा सांगितला नाही. त्या बाजूला झाल्या आणि थांबल्या.

गळ्यापर्यंत बटण लावलेला चिटणीस उठला. हातात कागद नव्हता. तो टेबलापर्यंत आला, डावा हात टेबलावर ठेवला, मग उजवाही ठेवला, आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

सुतार पुढं झुकला. डोळे चौथ्या पायावर, कान करकर ऐकायला. नव्या जोडाला पहिला खरा भार पडला की तो बोलतो, काहीतरी तक्रार करतोच. बायकोनं त्याचा हात धरला तो त्याला कळला नाही. समोर घसा साफ केल्याचा आवाज आला. मग चार शब्द आले, मोठ्यानं नव्हे, पण इतक्या शांततेत मोठ्यानंची गरज नव्हती. त्यांच्यानंतर आणखीही आले.

पाय वाजला नाही.

पुढच्या बाकावर काठी घसरली आणि फरशीवर पडली. ती कुणी उचलली नाही. ढोल्यानं बाकाची पाठ धरली आणि मोडक्या कमरेच्या माणसाला वळायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन, सावकाश, मागच्या बाकाकडे वळू लागला.

सुतार अजून पायाकडेच बघत होता.